‘रायट’ या अल्बममध्ये फॅमिली स्टोन नेमका कुठे आहे?

मध्यलय (धागाकर्ता)

स्लाय स्टोन यांचे ९ जून २०२५ रोजी निधन झाले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत मी त्यांच्या बँडचे, म्हणजे ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’चे, अल्बम क्रमाने पुन्हा ऐकायला घेतले आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये आलेल्या ‘देअर्ज अ रायट गोइन ऑन’पाशी येऊन अडकलो. पुढे जाववेना, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना बँडची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. सिल्व्हेस्टर स्टुअर्ट यांचा जन्म १९४३ साली टेक्सासमधील डेंटन येथे झाला आणि ते वाढले कॅलिफोर्नियातील व्हॅलेहो येथे, चर्चमध्ये गाणाऱ्या कुटुंबात. पुढे ते सॅन फ्रान्सिस्को परिसरातील केएसओएल या रेडिओ केंद्रावर निवेदक झाले. ऑटम रेकॉर्ड्स या लहानशा कंपनीसाठी इतर गायकांची गाणी बसवून ध्वनिमुद्रित करण्याचे कामही ते विशीतच करू लागले होते. १९६६-६७ मध्ये त्यांनी जो बँड उभा केला, त्यात भाऊ फ्रेडी गिटारवर, सिंथिया रॉबिन्सन ट्रंपेटवर, जेरी मार्टिनी सॅक्सोफोनवर, लॅरी ग्रॅहम बेसवर आणि ग्रेग एरिको ड्रमवर होते. बहीण रोझ थोड्या काळाने कीबोर्ड आणि गायनासाठी आली. एरिको आणि मार्टिनी गोरे, बाकीचे काळे. सिंथिया आणि रोझ या स्त्रिया केवळ मागे उभ्या राहून साथीला गाणाऱ्या नव्हत्या. त्या बँडमधील वादक होत्या. त्या काळच्या अमेरिकेत रंगमंचावर असे दृश्य दिसणे हीच एक मोठी गोष्ट होती.

मे १९६९ मधील ‘स्टँड!’ हा अल्बम ऐकला, की या बँडच्या नावातील ‘फॅमिली’ हा शब्द कानांनी कळतो. एकच ओळ चार जण वाटून घेतात. एकाचा खर्जातला आवाज संपतो न संपतो तोच दुसऱ्याचा वरच्या पट्टीतला आवाज ती ओळ उचलतो, मध्येच सिंथिया ओरडून श्रोत्यांना हाक देते, आणि हे सगळे इतक्या सहजपणे घडते, की जेवणाच्या पानावर बसलेल्या घरातल्या माणसांनी एकमेकांचे बोलणे पूर्ण करावे तसे वाटते.

आता ‘रायट’ लावा. सुरुवातीपासून आवाज दबका आहे, जणू शेजारच्या खोलीतून येतो आहे. एकच माणूस पुटपुटतो, मध्येच किंचाळतो, हसतो, पुन्हा खाली येतो. ड्रमच्या जागी बऱ्याच गाण्यांत एक यंत्र टिकटिकते आहे. ट्रंपेट आणि सॅक्सोफोन येतात ते लांबून, आणि लगेच निघून जातात. इतर माणसे आहेत की नाहीत, असतील तर कोणत्या कोपऱ्यात, हे शोधावे लागते. लोकांना सर्वाधिक परिचित असलेल्या ‘फॅमिली अफेअर’ या गाण्यात तर स्लाय आणि रोझ यांच्याखेरीज बँडमधील कोणीच नाही. इलेक्ट्रिक पियानो बिली प्रेस्टन यांचा आहे आणि गिटारच्या साथीला बॉबी वोमॅक आहेत. कुटुंबाविषयीचे हे गाणे डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तीन आठवडे पहिल्या स्थानावर होते, आणि त्यात कुटुंबच हजर नाही.

माझे मत असे आहे, की हा अल्बम ऐकायचा तो त्यातील रिकाम्या जागांसाठी. एक घर मोडत असताना मागे जे आवाज उरतात, ते येथे जसेच्या तसे टिपले गेले आहेत. यापूर्वी मी या अल्बमला स्लाय यांची एकट्याची निर्मिती मानत असे. आता तसे वाटत नाही, कारण जी माणसे नाहीत त्यांच्या नसण्यानेच प्रत्येक गाण्याचा आकार ठरलेला आहे. आपणा सर्वांना हे कसे ऐकू येते, ते जाणून घ्यायचे आहे.

ठेका

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी तबला शिकलेला माणूस आहे आणि फंककडे, म्हणजे ठेक्यावर भर देणाऱ्या या अमेरिकी संगीताकडे, लयीच्या बाजूने वळलो, त्यामुळे यंत्राविषयी सविस्तर लिहितो.

ते यंत्र म्हणजे मेस्ट्रो कंपनीचे ‘ऱ्हिदम किंग’. घरी बसून ऑर्गन वाजवणाऱ्या हौशी वादकाला साथ मिळावी म्हणून ही पेटी बनवलेली होती. तिच्यावर बटणे असत; बोसा नोव्हा, सांबा, फॉक्सट्रॉट असे तयार ठेके, आणि वेग कमीजास्त करण्याची सोय. आपल्या मनाप्रमाणे नवा ठेका तिच्यात रचता येत नसे. आपल्याकडे रियाजाला जो इलेक्ट्रॉनिक तबला लावतात, त्याच्याशी तिचे नाते जवळचे आहे. असा तबला लावून तासन्‌तास गायलेल्या किंवा वाजवलेल्या कोणालाही हे ठाऊक असते, की यंत्र लय सोडत नाही, पण ते तुमच्यासाठी थांबतही नाही. तुम्ही आज थकला आहात, हे माणसाला कळते आणि तो ठेका किंचित धरून ठेवतो. यंत्राला ते कळण्याचा मार्ग नाही.

स्लाय यांनी हे यंत्र ‘रायट’च्या आधीच वापरून पाहिले होते. त्यांची बहीण व्हेट ज्या ‘लिटल सिस्टर’ या तिघींच्या गटात गात असे, त्या गटासाठी १९७० मध्ये त्यांनी केलेले ‘समबडीज वॉचिंग यू’ हे यंत्राच्या ठेक्यावर उभे असलेले आणि यादीत पोचलेले अगदी सुरुवातीचे गाणे आहे. त्यामुळे ‘ड्रमर नव्हता म्हणून नाइलाजाने यंत्र घेतले’ असे म्हणणे मला पटत नाही. एरिको १९७१ मध्ये बाहेर पडले हे खरे, पण यंत्राचा कोरडा, खुळखुळ्यासारखा नाद स्लाय यांना त्याआधीच आवडलेला होता. त्या काळी गंभीर संगीतकार ज्या वस्तूकडे खेळणे म्हणून पाहत, तिचा नाद त्यांनी वाद्याचा नाद म्हणून ऐकला. ‘फॅमिली अफेअर’मध्ये तो ठेका मागे लपवलेला नाही, तो गाण्याचा चेहरा आहे.

आणखी एक मुद्दा. फंकमध्ये ‘वन’ला, म्हणजे चार मात्रांतील पहिल्या मात्रेला, अतोनात महत्त्व असते, आणि ते ठसवले गायक जेम्स ब्राउन यांनी. आपल्या समेशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती तुलना अर्धीच खरी आहे. समेवर येण्यासाठी आपण आवर्तनभर तयारी करतो आणि तिथे येऊन पोचल्याचे समाधान घेतो. फंकमध्ये सगळे मिळून ‘वन’वर ठोसा देतात आणि तिथूनच पुढे सुटतात. हा ठोसा देण्यासाठी माणसे एकत्र असावी लागतात, एकमेकांकडे पाहत वाजवावे लागते. ‘रायट’मध्ये माणसे वेगवेगळ्या वेळी येऊन आपापला भाग एकट्याने वाजवून गेलेली आहेत. त्यामुळे ‘वन’ आहे, पण त्याच्यावर कोणी धडकत नाही. प्रत्येक जण त्याच्या आसपास, थोडा मागे, थोडा कडेला उतरतो. या अल्बमची जी झोपाळू, झुलती चाल आहे, ती मला वाटते यातूनच आली. एका जागी बसून ठरवून अशी चाल आणणे फार अवघड आहे.

चुंबकफीत

मध्यलय यांनी ‘शेजारच्या खोलीतून’ असे जे लिहिले आहे, त्याचे तांत्रिक कारण सांगतो. मी अनेक वर्षे ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे आणि फितीवर काम केलेल्या शेवटच्या पिढीतला आहे.

चुंबकीय फितीवर धातूच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. फीत हेडवरून फिरते तेव्हा प्रत्येक वेळी तो थर थोडा झिजतो, आणि झिजेचा पहिला परिणाम वरच्या कंप्रतांवर होतो. झांजेची चमक, गाताना येणारे ‘स’ आणि ‘श’ यांची धार, ट्रंपेटची किनार आधी जाते. त्यातच फितीच्या एका पट्टीवरचे (ट्रॅकवरचे) पुसून पुन्हा भरणे, दोन-तीन पट्ट्या एकत्र करून तिसरीवर उतरवणे हे सतत होत राहिले, तर प्रत्येक फेरीत मूळ आवाज एक पाऊल मागे जातो आणि फितीची सरसर एक पाऊल पुढे येते. स्लाय यांनी या अल्बमचा बराच भाग लॉस एंजेलिसच्या बेल एअर भागातील आपल्या राहत्या बंगल्यात, तिथे बसवलेल्या यंत्रणेवर केला, आणि महिनोन्‌महिने त्याच फितींवर भरणे, पुसणे, पुन्हा भरणे चालू ठेवले. अंथरुणावर पडून बिनतारी माइकवर ते गात, असेही त्या काळाविषयीच्या लेखनात वाचायला मिळते. अल्बममधला त्यांचा आवाज ऐकताना ते सहज पटते. छातीतून श्वास भरून उभ्याने गाणाऱ्या माणसाचा तो आवाज नाही.

हा अल्बम मी प्रथम एका जुन्या तबकडीवर ऐकला. आवाज इतका गढूळ होता, की तबकडी झिजली आहे असे समजून मी ती आधी धुतली, मग पिन बदलली. पुढे २००७ च्या पुनर्प्रकाशनाची सीडी मिळाली आणि कळले, की गढूळपणा मूळ फितीतलाच आहे. आता मागे वळून पाहताना मला असे वाटते, की हा आवाज स्वच्छ करून देण्याचा प्रयत्न कोणी केला, तर हाती काहीच लागणार नाही. ती सरसर काढली, की तिच्याबरोबर गेलेले महिनेही निघून जातील.

सांजफेरी

सर्वांचे प्रतिसाद मनापासून वाचले. तरीही मला येथे एक वेगळी बाजू मांडायची आहे, आणि ती कोणाला टोचावी हा हेतू नाही.

आपण मोडलेपणाला फार लवकर सौंदर्य म्हणतो आहोत, असे मला वाटते. त्या बंगल्यात जे चालले होते, ते कोकेन आणि त्याहून घातक अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या माणसाचे आयुष्य होते, आणि त्याची झळ इतरांना बसत होती. १९७० मध्ये ठरलेल्या ८० कार्यक्रमांपैकी २६ कार्यक्रम बँडने रद्द केले. २७ जुलै १९७० रोजी शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये त्यांचा विनामूल्य कार्यक्रम व्हायचा होता. बँड रंगमंचावर येण्याआधीच जमाव आणि पोलीस यांच्यात दंगल पेटली आणि शंभराहून अधिक लोक जखमी झाले. त्या दंगलीचा दोष एकट्या बँडवर टाकणे अन्यायाचे ठरेल, पण येणार की नाही याची खात्री नसलेल्या कलाकाराची वाट पाहण्याची सवय श्रोत्यांना कोणी लावली, हाही प्रश्न उरतोच.

सिंथिया रॉबिन्सन आणि जेरी मार्टिनी यांचा विचार करा. वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात १७ ऑगस्ट १९६९ च्या पहाटे, रात्रभर जागलेल्या लाखोंच्या समुदायाला उठवून उभे करणारी ही माणसे. दोनच वर्षांनी त्यांना आपल्याच अल्बममध्ये इतकी कमी जागा मिळावी? ‘स्टँड!’मध्ये जे होते ते कष्टाने कमावलेले होते: तालीम, शिस्त, एकमेकांवरचा विश्वास. मला तो अल्बम आजही उभारी देतो. ‘रायट’ ऐकला, की मी थकते. त्यातील कारागिरी मला मान्य आहे. पण थकवा हाच अनुभव असेल, तर तो वारंवार का घ्यावा, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

मध्यलय

सांजफेरी, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. त्या काळात स्लाय यांच्या भोवतीच्या माणसांनी जे सोसले, ते कोणत्याही गाण्याने भरून येत नाही. बँड वेळेवर अल्बम देत नाही म्हणून एपिक या कंपनीने नोव्हेंबर १९७० मध्ये जुन्या गाण्यांचा संग्रह काढून वेळ मारून नेली, यावरून बाहेरही परिस्थिती किती ताणलेली होती ते दिसते. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाकडून स्लाय यांच्यावर गोऱ्या वादकांना काढण्याचे दडपण येत होते, असेही त्या काळाच्या बहुतेक वर्णनांत आढळते. एका बाजूने कंपनी, दुसऱ्या बाजूने राजकारण, आणि आत व्यसन.

पण एक गोष्ट तुमच्यासमोर ठेवतो. मोडलेपण लपवणे त्यांना सहज शक्य होते. ‘स्टँड!’च्या धाटणीची चार गाणी चांगले भाडोत्री वादक घेऊन, चकचकीत आवाजात करून देणे या माणसाला अवघड नव्हते. इतरांसाठी यशस्वी गाणी बसवून देण्यापासूनच त्यांची सुरुवात झाली होती. त्यांनी ते केले नाही. पहिल्याच ‘लव्ह अँड हेट’ या गाण्यात इतके बरे वाटते आहे, की हलावेसेच वाटत नाही, अशा अर्थाची ओळ पुन्हा पुन्हा येते, आणि शीर्षकातील ‘हेट’ म्हणजे द्वेष, तसेच सॅन फ्रान्सिस्कोचा हेट-ॲशबरी हा भाग, जिथे प्रेमाच्या घोषणा देत हजारो तरुण जमले होते. उभे राहा असे सांगणारा माणूस दोन वर्षांनी हलावेसे वाटत नाही असे म्हणतो, आणि ते तो नाचायला लावणाऱ्या लयीवर म्हणतो. हे मला प्रामाणिक वाटते.

‘आफ्रिका टॉक्स टू यू’ हे जवळपास नऊ मिनिटांचे गाणे याच दृष्टीने ऐकावे. झाड कोसळताना लाकूडतोडे जो इशारा ओरडून देतात, तो त्याच्या कोरसमध्ये येतो, आणि तो देणारे आवाज अगदी निवांत आहेत. कोणी घाबरलेले नाही. झाड कोसळणार, हे सगळ्यांना बरेच आधी कळून चुकले आहे.

नवखी

मी या संगीताची नवी श्रोती आहे आणि हा धागा वाचूनच अल्बम प्रथम ऐकला. एक प्रश्न आहे. अल्बमला ज्या गाण्याचे नाव दिले आहे, ते मला सापडलेच नाही. पहिल्या बाजूच्या शेवटी त्याचे नाव आहे, पण ऐकायला काहीच येत नाही. ही प्रतीतील चूक आहे का?

उत्तररात्र

चूक नाही. मूळ तबकडीवर त्या गाण्याची लांबी शून्य मिनिटे शून्य सेकंद अशी छापलेली होती. पुष्कळ वर्षे लोकांनी त्याचा संबंध ग्रँट पार्कच्या दंगलीशी जोडला. पुढे स्लाय यांनी स्वतः खुलासा केला, की दंगली होऊच नयेत असे त्यांना वाटत होते, म्हणून त्या गाण्याला लांबीच दिली नाही.

शीर्षकाला आणखी एक संदर्भ आहे. मे १९७१ मध्ये गायक मार्विन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा अल्बम आला होता. काय चालले आहे, असे त्यांनी विचारले. दंगल चालली आहे, असे उत्तर सहा महिन्यांनी या अल्बमच्या नावाने दिले. गे यांचा प्रश्न व्हायोलिनच्या ताफ्यासह, स्वच्छ आणि आर्जवी आवाजात येतो. स्लाय यांचे उत्तर दाटलेल्या घशातून येते. दोन्ही अल्बम एकामागून एक ऐकावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. व्हिएतनामचे युद्ध चालूच होते, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन तीन वर्षे उलटली होती, आणि सप्टेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ॲटिका तुरुंगात कैद्यांचा उठाव झाला, जो राज्याच्या पोलिसांनी गोळीबार करून मोडून काढला. हेट-ॲशबरीतल्या १९६७ च्या आशा टिकवून धरणे त्या वर्षी कोणालाही अवघड होते, व्यसन असो वा नसो. एका माणसाच्या खोलीतली निराशा आणि बाहेरच्या देशाची निराशा येथे एकमेकींत इतकी मिसळली आहे, की त्या वेगळ्या काढता येत नाहीत, आणि म्हणूनच इतका आतल्या आत बोलणारा अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, असे मला वाटते.

मुखपृष्ठाविषयीही लिहायला हवे. त्यावर अमेरिकेचा ध्वज आहे, पण निळ्याच्या जागी काळा रंग आहे आणि ताऱ्यांच्या जागी सूर्य आहेत. स्लाय यांचे स्पष्टीकरण असे होते, की काळा म्हणजे रंगाचा अभाव, पांढरा म्हणजे सगळ्या रंगांचा मिलाफ आणि लाल म्हणजे रक्त, जे सर्वांचे सारखेच असते. तारे शोधावे लागतात, सूर्य मात्र नेहमीच समोर असतो, म्हणून सूर्य. मिश्र बँडमागचा मूळ विचार गाण्यांत विरत चालला असताना मुखपृष्ठावर तो असा शिल्लक होता, हे पाहून मला फार वाईट वाटते आणि बरेही वाटते.

नवखी

धन्यवाद. हे कळल्यावर पहिल्या बाजूचा शेवट पुन्हा ऐकला. ‘आफ्रिका टॉक्स टू यू’ संपल्यानंतरची शांतता आता वेगळी वाटली.

ठेका

लॅरी ग्रॅहम यांच्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून पुन्हा येतो.

अंगठ्याने तार ठोकायची आणि बोटाने ओढून सोडायची, ही बेस वाजवण्याची पद्धत आज फंकची खूण मानली जाते आणि ती प्रामुख्याने ग्रॅहम यांची देणगी आहे. ते किशोरवयात आईबरोबर, डेल ग्रॅहम यांच्याबरोबर, कार्यक्रम करत. साथीला ड्रमर नसल्यामुळे अंगठ्याच्या ठोक्याने त्यांनी मोठ्या ड्रमची उणीव भरून काढली आणि ओढलेल्या तारेच्या चटक्याने स्नेअरची, म्हणजे कडक आवाजाच्या लहान ड्रमची. ड्रमर नसण्यातूनच ही पद्धत जन्मली. फॅमिली स्टोनमध्ये एरिको यांच्यासारखा दमदार ड्रमर मिळाल्यावर त्या दोघांनी मिळून काय केले, हे १९७० च्या सुरुवातीला यादीत पहिल्या स्थानावर पोचलेल्या ‘थँक यू’मध्ये ऐकावे.

‘रायट’मधील बऱ्याच गाण्यांत पुन्हा ड्रमर नाही, पण या वेळी ती जागा भरायला ग्रॅहमही फारसे नाहीत. बऱ्याच ठिकाणी बेस स्लाय यांनीच वाजवला आहे आणि तो मऊ, बोथट, अडखळल्यासारखा आहे. अल्बमच्या शेवटी ‘थँक यू’ हेच गाणे ‘थँक यू फॉर टॉकिंग टू मी आफ्रिका’ या नावाने परत येते. शब्द तेच आहेत. मूळ गाणे पावणेपाच मिनिटांचे आणि उसळते, तर येथे तेच सात मिनिटांहून अधिक चालते आणि लय इतकी उतरवलेली आहे, की दोन ठोक्यांमध्ये माणूस विचारात पडावा. द्रुत लयीतील बंदिश कोणी विलंबितात मांडली, तर तिच्या शब्दांतला लपलेला अर्थ वर येतो, तसे येथे झाले आहे. मूळ गाण्यात बंदूकधारी सैतानाशी झालेल्या झटापटीचे वर्णन आहे. नाचताना ते कोणाच्या लक्षातही येत नव्हते. संथ लयीत ते अंगावर येते. मी ही दोन्ही गाणी विद्यार्थ्यांना एकापाठोपाठ ऐकवतो. लय ही केवळ गती नाही, हे समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला मिळालेले नाही.

याच वाटेने पुढे काय झाले, तेही नोंदवतो. ग्रॅहम १९७२ मध्ये बँड सोडून गेले आणि त्यांनी ‘ग्रॅहम सेंट्रल स्टेशन’ काढले. बँडच्या १९७३ च्या ‘फ्रेश’ या अल्बममध्ये ‘इन टाइम’ या गाण्यात अँडी न्यूमार्क यांचे ड्रम आणि ठेक्याचे यंत्र शेजारी शेजारी वाजतात. यंत्राशी संवाद करणारा माणूस तिथे पुन्हा सापडतो. जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांनी त्याच वर्षीच्या ‘हेड हंटर्स’ या अल्बममधील एका रचनेला ‘स्लाय’ असेच नाव दिले.

सांजफेरी

ठेका यांचा विलंबिताचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवला आणि दोन्ही गाणी त्यांनी सांगितल्याप्रमाणे ऐकली. मूळ गाण्यातील सैतान मला खरोखरच कधी दिसला नव्हता, आणि ते गाणे मी निदान पंचवीस वर्षे ऐकते आहे.

माझा आक्षेप मी मागे घेत नाही. सिंथिया आणि जेरी यांच्यावर अन्याय झाला, असेच मला अजूनही वाटते. मात्र ‘फॅमिली अफेअर’ ऐकताना एक गोष्ट जाणवली, ती लिहिते. त्या गाण्यात एका आईची दोन मुले आहेत. एक शिकून सवरून मोठे झालेले, तर दुसरे असे, की त्याला जाळून टाकावेसे वाटावे. आईचा जीव मात्र दोघांवरही सारखाच. चढ्या आवाजात गाणारे स्लाय हे शब्द अगदी खालच्या पट्टीत, माइकच्या जवळ येऊन, जवळजवळ बोलल्यासारखे गातात, आणि ध्रुवपद रोझ गाते. भाऊ कोणत्या मुलाविषयी बोलतो आहे, हे बहिणीला पक्के ठाऊक असणार. तिने काहीही न सुचवता, सरळ, न थरथरता ती ओळ गायली आहे. मी आजवर या गाण्यात फक्त स्लाय यांनाच ऐकत होते.

चुंबकफीत

रोझ यांच्या आवाजाविषयी तांत्रिक बाजूने एवढीच भर घालतो, की त्या गढूळ मिश्रणात तो आवाज सर्वांत कमी झिजलेला आहे. तो शेवटी भरला गेला असेल किंवा त्याच्यावर फारशी पुसापुसी झाली नसेल. कारण काहीही असो, कानाला तो बाकी सगळ्यांच्या पुढे उभा असलेला जाणवतो.

मध्यलय

धाग्याच्या शीर्षकात मी विचारले होते, की फॅमिली स्टोन कुठे आहे. सांजफेरी यांनी रोझ यांना शोधून दिले. मी गेल्या आठवड्यात दुसरी बाजू पुन्हा पुन्हा लावली आणि मला ‘रनिंग अवे’पाशी आणखी एक माणूस भेटला.

अल्बममधील हे सर्वांत हलके, गुणगुणण्यासारखे गाणे आहे. स्लाय आणि रोझ एकत्र गातात, मध्ये मध्ये हसण्याचे उच्चार आहेत, आणि पळून जाणाऱ्या माणसाला उद्देशून जे म्हटले आहे ते ऐकताना, गाणारा स्वतःलाच सांगतो आहे असे वाटल्याशिवाय राहत नाही. या गाण्यात सिंथिया रॉबिन्सन यांचा ट्रंपेट आहे. फार थोडे स्वर, तेही मोजके आणि अजिबात न ताणलेले. चुंबकफीत यांनी म्हटले तशी त्याची किनार फितीत झिजलेली आहे. ‘डान्स टू द म्युझिक’ या बँडच्या आधीच्या गाण्यात गर्जना करून लोकांना उठवणारी ही बाई येथे जणू झोपलेल्या माणसाच्या खोलीत पाऊल न वाजवता वावरते आहे. एरिको गेले, पुढे ग्रॅहम गेले. सिंथिया मात्र बरीच वर्षे स्लाय यांच्याबरोबर वाजवत राहिल्या. २३ नोव्हेंबर २०१५ रोजी त्यांचे निधन झाले.

सांजफेरी, तुम्ही विचारले होते, की हा थकवा वारंवार का घ्यावा. माझ्यापुरते सांगायचे, तर मी आता हा अल्बम लावतो तो त्या ट्रंपेटची वाट पाहत. गाणे दुसऱ्या बाजूवर, शेवटून दुसरे आहे, त्यामुळे बराच वेळ थांबावे लागते.